‘मी नको म्हटलं, म्हणून बाळ आजारी पडलं का?’

पत्र:

‘माझ्या धाकट्या भावाला १९ दिवसांपूर्वी मुलगा झाला. तेव्हा २९ आठवडेच पूर्ण झाले होते. वजन १,१०० ग्रॅम. आधी व्हेंटिलेटर, मग सीपॅप, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणारं मशीन. जरा बरं चाललंय म्हणेपर्यंत जंतुसंसर्ग झाला आणि परत व्हेंटिलेटर. डोक्याच्या सोनोग्राफीत “ग्रेड दोन” रक्तस्राव दिसलाय, असं भाऊ एकदा म्हणाला, पुढे काही बोललाच नाही. त्याची पाच वर्षांची मुलगी सध्या माझ्याकडे आहे. परवा रात्री तिने विचारलं, “आत्या, मी म्हटलं होतं ना, मला बाळ नको. म्हणून ते आजारी पडलं का?” मी “नाही गं, झोप तू” म्हणून विषय बदलला. आईचं दिवसभर एकच चालू असतं, सातव्या महिन्यापर्यंत ऑफिसला जायची काय गरज होती! ते भावजयीच्या कानावर गेलंय. मी हॉस्पिटलमध्ये गेले तर ती म्हणाली, “ताई, तुम्ही आता नका येऊ.” भाऊ फोन उचलत नाही, नुसते मॉनिटरचे फोटो पाठवतो. त्यावर ऑक्सिजन ९१ दिसला की आई रडायला लागते. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. एका रात्री माझ्या मनात आलं, हे सगळं एकदाचं संपून जावं, कसंही. तेव्हापासून आरशात बघवत नाही. मी काय करू?
– एक आत्या’

प्रिय आत्या,

तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्न दोन दिवस थांबू शकतील. एक थांबू शकणार नाही, म्हणून आधी तोच घेते. तुमच्या भाचीशी आज रात्रीच बोला.

पाच वर्षांच्या मुलांना मनापासून वाटतं की आपल्या मनात आलं, आपण बोललो, म्हणून गोष्टी घडतात. त्या वयात विचारांची पद्धतच तशी असते. तिने प्रश्न परवा रात्री विचारला असला तरी तो तिच्या पोटात किती दिवस होता कोण जाणे. अंधारात, पांघरुणात, आई-बाबा जवळ नसताना तिने तो तुमच्यापाशी काढला, म्हणजे तिचा तुमच्यावर विश्वास आहे. पण “झोप तू” हे उत्तर मुलं वेगळं ऐकतात. मोठी माणसं विषय बदलतात तेव्हा ते खरं असतं, असा त्यांचा हिशेब असतो.

तिने परत विचारायची वाट बघू नका, विषय तुम्हीच काढा. समोर बसवून नको. वेणी घालताना, पांघरूण घालताना. “परवा तू मला एक विचारलं होतंस, मी नीट सांगितलंच नाही. बाळ तुझ्यामुळे आजारी नाही पडलं. आपण मनात काही आणलं किंवा बोललो, तर त्याने कुणी आजारी पडत नाही. बाळ अजून आईच्या पोटात वाढायचं होतं, ते लवकर बाहेर आलं. त्याची फुप्फुसं अजून तयार झालेली नाहीत, म्हणून मशीन त्याला श्वास घ्यायला मदत करतं.” मग थोडं थांबून हेही सांगा, “आणि बाळ नको वाटलं तर त्यात काही वाईट नाही. खूप मुलांना तसं वाटतं.” हे शेवटचं वाक्य गाळू नका. तिला सुटका हवी आहे ती तिथे.

हे एकदा सांगून भागणार नाही. ती चार वेळा विचारेल, कधी आंघोळीच्या वेळी, कधी शाळेच्या दारात. चारही वेळा तेच, त्याच शब्दांत सांगा. नुसतं “बाळ आजारी आहे” म्हणू नका, नाहीतर उद्या तिला सर्दी झाली की आपल्यालाही मशीन लावणार म्हणून ती घाबरेल. “बाळ झोपलंय” तर मुळीच नको; मुलं मग झोपायला घाबरतात. “बाळ मरणार का?” असं विचारलंन, तर खोटं वचन देऊ नका. “ते खूप आजारी आहे, डॉक्टर खूप प्रयत्न करतायत. काही बदललं तर मी तुला खरंच सांगेन,” एवढं पुरे. आणि मग खरंच सांगा. तिने अंथरूण ओलं केलं, बोबडं बोलायला लागली, तर रागावू नका, ते आपोआप जाईल. शाळेतल्या बाईंच्या कानावर घालून ठेवा. भावाला एवढंच मागा: रोज ठरलेल्या वेळी तिच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. त्यात बाळ नसलं तरी चालेल, बाबा असले म्हणजे झालं.

आता तुमच्या आई. इथे मी जरा कडक लिहिणार आहे.

तुमच्या भावजयीने ऑफिसला जाऊन काही चूक केली नाही. दिवस भरायच्या आधी बाळ येण्याची काही कारणं माहीत आहेत: आईचं ब्लड प्रेशर वाढणं, जंतुसंसर्ग, गर्भजलाची पिशवी लवकर फुटणं, गर्भाशयाचं तोंड लवकर उघडणं, पोटात जुळं असणं. पण पुष्कळ वेळा कारण शोधूनही सापडत नाही. ‘आराम केला असता तर टळलं असतं’ हे तर आपण फारच सहज बोलतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने अकाली प्रसूती टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, त्यामुळे डॉक्टर आता सरसकट तसा सल्लाही देत नाहीत. जगात साधारण दहातलं एक बाळ ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मतं. त्या सगळ्या आया काही निष्काळजी नसतात.

माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली. ४७ दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आदल्या आठवड्यात मी माळ्यावरची बॅग काढली होती. ती बॅग मी पुढे कित्येक वर्षं मनातल्या मनात परत माळ्यावर ठेवत राहिले. मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं तरी ही गत. तुमची भावजय आज जिन्याची प्रत्येक पायरी, ऑफिसातला प्रत्येक दिवस मोजत असणार. सासूचा शब्द तिच्यापर्यंत पोचला तो नेमका अशा वेळी.

तेव्हा आईंना एकटं गाठा आणि एकदाच, स्पष्ट सांगा: “आई, हे परत बोलू नकोस. ना तिच्यापुढे, ना तिच्यामागे, ना फोनवर. डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नाही आणि ते खरं नाही.” त्यांच्याशी वाद घालत बसू नका. त्यांनाही नातवाची धास्ती आहे, ती कुठेतरी बाहेर पडणार. ती तुमच्यापाशी पडू द्या. त्या रडल्या तर जवळ बसा. पण दोषाचा शब्द निघाला की तिथल्या तिथे थांबवा, मग समोर पाहुणे असोत की कुणीही. भावजयीला खोलात जाऊन सफाई द्यायची गरज नाही. “तुझ्या कानावर जे आलं ते चुकीचं होतं. मी आईला तसं सांगितलंय,” एवढं तिला कळवा. घरातलं कुणीतरी आपल्या बाजूने उभं राहिलं हे तिला समजलं पाहिजे, आणि ते सांगणारी तुमच्याखेरीज दुसरी कोण आहे?

“ताई, तुम्ही आता नका येऊ,” हे तुम्हाला लागलंय. लागणारच. पण तिचा दिवस कसा जातो ते बघा. स्वतःची प्रसूती होऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. इतक्या कमी दिवसांच्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एकत्र जमत नाही, ते साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमायला लागतं. तोवर दूध नळीतून जातं. आईला ते दर दोन-तीन तासांनी पंपाने काढावं लागतं, रात्रीसुद्धा. सुरुवातीला बाटलीच्या तळाला थेंब दिसतात, आणि ते थेंब बघून बाई खचते. पण त्या थेंबांची किंमत मोठी आहे. अशा बाळांच्या आतड्यांना सूज येऊन जिवावर बेतू शकतं, आणि आईच्या दुधाने तो धोका कमी होतो. त्या खोलीत औषधं डॉक्टरांची, मशीन हॉस्पिटलचं. आईचं म्हणावं असं हे एकच काम असतं. तेवढ्यात दारात कुणी काळजीचा चेहरा घेऊन उभं राहिलं की तिला स्वतःचं सोडून त्यांना धीर द्यावा लागतो. तेवढी ताकद तिच्यात नाही. ती तुमच्यावर रागावलीय असं मला वाटत नाही. आणि रागावली असेल, तर तेवढा राग तुम्ही पोटात घाला.

तिला लिहा: “बरं, नाही येत. लेक माझ्याकडे मजेत आहे. उत्तर देऊ नकोस.” शेवटचे तीन शब्द अक्षरशः सोन्याचे आहेत. माझ्या त्या ४७ दिवसांत फोन लॉकरमध्ये ठेवायचे. बाहेर येऊन बघितलं की साठ-सत्तर मेसेज, सगळ्यांत तेच, ‘कसं आहे बाळ?’ कसं आहे, ते मलाच माहीत नसायचं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरंच. एकदा बाहेर आले तर बाकावर कापडी पिशवी होती. दोन धुतलेले कुर्ते, मोजे, पाण्याची बाटली आणि लांब वायरचा चार्जर, कारण बाकापासून प्लग लांब होता. माझी नणंद पिशवी ठेवून, मला न भेटताच परत गेली होती. प्लग लांब आहे हे तिने कधी बघून ठेवलं, मला आजही माहीत नाही. त्या दिवसांत भेटून गेलेल्या कितीतरी माणसांचे चेहरे पुसट झालेत, तो चार्जर अजून डोळ्यांसमोर आहे.

तुम्ही अशीच नणंद होऊ शकता. “काही लागलं तर सांग” म्हणू नका. काय लागतंय ते शोधायचं काम परत तिच्याच गळ्यात पडतं. गाडीची पाळी, घराची किल्ली, लाइट बिल, कपडे, मोठीची शाळा हे न विचारता उचला. नातेवाइकांचे फोन तुमच्याकडे वळवा. दिवसातून एकदा भावाकडून दोन ओळी घ्या आणि सगळ्यांना त्याच पाठवा. ज्या दिवशी तो काही देणार नाही, त्या दिवशी ‘आज नवीन काही नाही’ असं लिहा.

त्या ९१ चं सांगते, कारण त्याच्यापायी तुमच्या घरात विनाकारण रडारड चाललीय. आपलं ऑक्सिजन ९७-९८ असतं, म्हणून ९१ बघून आजीच्या काळजात धस्स होतं. पण कमी दिवसांच्या बाळाला बाहेरून ऑक्सिजन देताना तो मुद्दाम साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. अशा बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात, आणि जादा ऑक्सिजनने त्यांची वाढ बिघडू शकते. मशीनवर १०० दिसला तर सिस्टर येऊन ऑक्सिजन कमी करतात. तेव्हा ९१ ला रडू नका. डोळ्यांना हा धोका असतो, म्हणूनच साधारण चौथ्या आठवड्यात बाळाचे डोळे तपासतात, म्हणजे तुमच्याकडे ती तपासणी आता जवळ आलीय. बघायला ती अवघड वाटते, पण वेळेवर सापडलं तर उपचार होतात आणि नजर वाचते. डिस्चार्जनंतर पुढच्या तारखा दिल्या तर त्यातली एकही चुकू देऊ नका. त्या तारखा तुमच्या फोनमध्येही टाकून ठेवा.

‘ग्रेड दोन’बद्दल भाऊ गप्प आहे, कारण बहुधा रात्री दोन वाजता त्याने इंटरनेटवर नको ते वाचलंय. एकूण चार ग्रेड असतात. एक आणि दोन हे सौम्य धरतात. पुष्कळ बाळांत ते रक्त हळूहळू शोषलं जातं. टाळू उघडी असते, त्यामुळे सोनोग्राफी पुन्हा पुन्हा करून लक्ष ठेवता येतं. पुढे काय होईल ते मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि डॉक्टरही आज ठामपणे सांगणार नाहीत. भावाला म्हणा, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ने, उत्तरं तिथेच लिहून घे. ताणाखाली ऐकलेलं निम्मं डोक्यात राहत नाही. तो ‘हो’ म्हणाला तर एकदा तुम्ही सोबत जा आणि नुसतं लिहून घ्या, मध्ये बोलू नका.

आईंना मी गप्प बसवायला सांगितलं, पण त्यांना नुसतं गप्प बसवून चालणार नाही, हातांना काम हवं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून ठेवायला सुरुवात केली. त्याला आपण कांगारू मदर केअर म्हणतो. पूर्वी बाळ स्थिर झाल्यावरच हे करायचे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा, असं सांगितलं, कारण त्याने बाळं जास्त वाचतात असं दिसलं. व्हेंटिलेटरवर असताना कधी द्यायचं हे मात्र डॉक्टरच ठरवतील. आई जवळ नसेल तेव्हा बाबा, आणि हॉस्पिटलची परवानगी असेल तर घरातलं दुसरं निरोगी माणूसही हे करू शकतं. आजीची पाळी कदाचित काही आठवड्यांनी येईल, कदाचित घरी आल्यावरच. पण तिथे तुमची जागा आहे, असं आज त्यांना सांगता येईल. फक्त एक: बाळाच्या आईने बोलावल्यावरच जायचं, आणि घशात जरा खवखव असली तरी नाही.

आता ती गोष्ट, जी तुम्ही कुणालाच सांगितली नाही.

‘एकदाचं संपून जावं, कसंही.’ आत्या, तुम्ही बाळाचं वाईट चिंतलं नाहीत. १९ दिवस जीव टांगणीला लागलेला असताना, लहान मूल सांभाळत, आईला आवरत, अर्धी झोप झालेली असताना मन सुटका मागतं. सुटका कशाने होईल ते मनाला कळत नसतं. माझ्या मनातही हे आलं होतं, पेटीपाशी उभी असताना, आणि मी त्या बाळाची आई होते. तुमच्या भावाच्या मनातही येऊन गेलं असेल. तुम्ही आज भाचीला जे सांगणार आहात, ते तुमच्यासाठीही तितकंच खरं आहे. मनात आलं म्हणून कुणी आजारी पडत नाही.

आणि रडा. आत्याला रडायचा हक्क आहे. फक्त ते भाऊ-भावजयीच्या खांद्यावर नको. नवरा, मैत्रीण, ऑफिसातली कुणी, ज्यांचं बाळ पेटीत नाही अशा माणसापाशी रडा. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी भाचीला दुसऱ्या कुणाकडे सोपवा आणि झोपा.

माझी मुलगी आता माझ्यापेक्षा उंच आहे. हे मी धीर द्यायला लिहीत नाहीये. शेजारच्या पेटीतलं बाळ घरी गेलं नाही, आणि त्याच्या आईने माझ्यापेक्षा काही कमी केलं नव्हतं. तसं झालंच, तर “लहानच होतं, दुसरं होईल” हे वाक्य तुमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. त्याला नाव ठेवलं असेल तर नावानेच बोला. आजसुद्धा. ‘ते बाळ’ नको.

आणि घरी आलं, तर लोक म्हणतील, झालं, संपलं. तेव्हाच खूप आयांचा बांध फुटतो. मायक्रोवेव्हची पिप ऐकली तरी मॉनिटरचा आवाज वाटून अंगाला घाम येतो. बाळ शांत झोपलेलं असतानाही तिला झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास असेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर ‘थकलीय’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. ‘माझ्याशिवाय तुम्ही सगळे सुखात राहाल’ असं काही बोलली, तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं ठेवू नका. भावावरही लक्ष ठेवा. बापांना हे होतं, आणि ते सांगत नाहीत. शेजारचं बाळ बसायला लागलं आणि हा अजून नाही, अशी तुलना सुरू झाली की तो जितका लवकर आला ते ११ आठवडे वजा करा. निदान दोन वर्षांचा होईपर्यंत त्याचं वय तसंच मोजायचं असतं.

पण ते सगळं पुढचं. आज भाचीशी बोलणं झालं की तिच्यापुढे कागद आणि रंग ठेवा. आपल्या लहानग्या भावासाठी काय काढायचं ते तिलाच ठरवू दे. काहीच काढायचं नसेल तर तेही चालेल. काढलंन, तर तुमच्या भावाला म्हणा, सिस्टरना विचारून ते पेटीच्या बाहेरून लाव, आणि लावल्यावर फोटो काढून पाठव. मॉनिटरचा नको, चित्राचा.